बाबाची गाठींची दोरी

त्या दिवशी सकाळी काहीच वेगळं नव्हतं. अंगणात कोवळं ऊन उतरलं होतं. शेळी दाव्याला ओढ देऊन भोपळ्याच्या वेलाकडे मान लांबवत होती, आणि फुलवंता उंबऱ्यात बसून तांदळातले खडे निवडत होती.

"निवडतेस का झोपतेस गं?" माय आतून म्हणाली. "चूल विझेल माही."

फुलवंताचं सगळं लक्ष स्वतःच्या जिभेकडे होतं. पुढचा दात पहाटेच पडला होता आणि त्या पिटुकल्या खिडकीतून जीभ सारखी बाहेर डोकावत होती. हे बाबाला सांगायलाच हवं होतं. तिनं कमरेची दोरी काढली, तिला एक नवी गाठ मारली आणि दोरी पुन्हा कमरेला बांधून टाकली.

गाठ कशाला, ते सांगायला हवं.

फुलवंताचं गाव ऐनटोला. गावापासून सुरू होतं ते ऐनाच्या झाडांचं रान. ऐनाच्या पानांवर ऐनटोल्याची माणसं इवले इवले हिरवे किडे चढवतात. किडे पानं खातात, खाऊन खाऊन अंगठ्याएवढे गुबगुबीत होतात, आणि मग तोंडातून धागा काढून स्वतःभोवती घर विणतात. त्या घराला म्हणायचं कोसा. चिमणीच्या अंड्याहून थोरला, जुन्या मधाच्या रंगाचा. त्याच्या धाग्याची झुळझुळीत रेशमी लुगडी होतात आणि दूरच्या शहरांत जातात. ऐनटोल्यात ती कुणी नेसत नाही.

किडे झाडावर चढले की राखणदार रानात मुक्कामाला जातो. पाखरं, मुंग्या, गांधीलमाशा, सगळ्यांपासून किड्यांना जपायचं. आणि कोसे उतरेपर्यंत राखणदाराशी कुणी बोलायचं नाही. घरची चिंता त्याच्या कानात शिरली की किडे पानं सोडून पटापट खाली पडतात, असं ऐनटोल्यात सगळे मानत. म्हणून मुलं रोज भाकरीचं फडकं रानाच्या तोंडाशी असलेल्या सपाट दगडावर ठेवत, टाळ्या वाजवत आणि पाठ फिरवून घरी येत. मागं वळून बघायचं नाही. हाक तर मारायचीच नाही. जे काय सांगायचं ते साठवून ठेवायचं, आणि विसरू नये म्हणून दोरीला गाठ मारायची. कोसे उतरले की त्या संध्याकाळी सगळं गाव अंगणात बसे, आणि मुलं आपापल्या बापाला टेकून एकेक गाठ सोडत एकेक गोष्ट सांगत. दिवाळीपेक्षा मोठा सण तो.

फुलवंताचा बाबाही रानात राखणीला गेला होता, आणि तिच्या दोरीला आता मुठीत मावणार नाहीत इतक्या गाठी झाल्या होत्या.

तांदूळ निवडून होत आले होते, तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी सोमाकाका दिसला. बाबाच्या शेजारच्या रानाचा राखणदार. राखणदार असा मधेच गावात येत नाही. त्याच्या पायांत चपला नव्हत्या.

"वहिनी," तो म्हणाला.

माय हात पुसत बाहेर आली. "बसा ना बाप्पा. असे उभे काऊन?"

तो बसला नाही. "वहिनी, कवडूदादाला पान लागलं."

कवडूदादा म्हणजे फुलवंताचा बाबा, आणि पान लागलं म्हणजे साप चावला. रानाकाठची माणसं सापाचं नाव घेत नाहीत.

"मग बरे आहेत ना? औषध दिलं ना कुणी?"

"झोपेतच लागलं, वहिनी. आम्हाला सकाळी कळलं."

माय मान हलवत म्हणाली, "अहो, पण काल तर भाकर खाल्ली त्यांनी. फडकं धुऊन ठेवलं होतं दगडावर. फुलीनं आणलं ना घरी. वाळत घातलंय, ते बघा."

सोमाकाकानं दोरीवरच्या फडक्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"चहासुद्धा न पिता गेले होते," माय म्हणाली. "निघाले त्या दिवशी. मी टाकला होता." त्यानंतर ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि बोलायची थांबली.

बाबाला घरी आणलं. मग घरातून नेलं. माणसं आली, रडली, गेली. फुलवंता दोरी मुठीत धरून सगळ्यांच्या मागं उभी होती. तिला कुणीतरी म्हणेल, ये, तुझ्या गाठी सोड, असं वाटत होतं. कुणी म्हटलं नाही.

शेजारची, सोमाकाकाच्या घरची जाईआत्या तिला जवळ घेऊन म्हणाली, "चांगली माणसं देवाला आवडतात गं, पोरी."

"आम्हालाही आवडत होता," फुलवंता म्हणाली.

आत्यानं फुलवंताच्या केसांवरून हात फिरवला.

पुन्हा रानात जायच्या आधी सोमाकाका बाबाचं सामान घेऊन आला. एक घोंगडी, एक गलोल आणि एक दोरी. दोरी झाडाच्या सालीची होती, आणि तिला गाठी होत्या.

"ह्या कशाच्या?" फुलवंतानं विचारलं.

"तुम्ही मारता तशाच. आम्हीही मारतो की रानात बसून. लेकरांना सांगायच्या गोष्टी असतात."

"मोठी माणसं पण?"

"मोठी माणसं लपवून मारतात."

"मग ह्यांच्यात काय काय आहे?"

सोमाकाकानं दोरी तिच्या हातात ठेवली. "ज्याच्या गाठी त्यालाच ठाऊक, पोरी," तो म्हणाला, आणि झपाझप निघून गेला.

फुलवंता दिवसभर ती दोरी चाचपत बसायची. एक गाठ सैल, गंमत केल्यासारखी. एक लांबट. एक चांगली टपोरी. दोन गाठी एकमेकींना चिकटून. आणि अगदी टोकाला एक इवलीशी, इतकी घट्ट की नखसुद्धा शिरत नव्हतं. हातानं सोडली असती तर नुसती दोरी उरली असती. तिनं एकही सोडली नाही.

माय भिंतीशी बसूनच होती. शेजारणी भात आणून देत, तो निवून जाई. आणि बाबाच्या रानात राखण उरली नव्हती. वर्षभराचं घर त्या किड्यांवर चालायचं. माय उठेना, म्हणून एका सकाळी फुलवंतानं गलोल गळ्यात अडकवली आणि ती एकटीच रानात गेली.

रान कसं होतं म्हणून सांगू! ऐनाच्या खोडांवर सुसरीच्या पाठीसारख्या खवल्या खवल्या, आणि वर मात्र हिरवं ऊन. पानापानांतून कवडशांची नाणी खाली सांडत होती. निळेशार खंड्या, पिवळेधमक हळदे, शेपटी नाचवणारे चिमुकले नाचण. आणि सगळीकडे एक बारीक कुरकुर, वाळल्या पाचोळ्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी. ती किड्यांच्या खाण्याची होती. बाबा नव्हता, तरी किडे खात होते. फुलवंताला त्यांचा राग आला.

पण काही झाडं अगदी गप्प होती. तिथून लाल मुंग्यांच्या रांगा वर-खाली करत होत्या, आणि पानांवर कुणीच नव्हतं.

खालच्या एका फांदीला एक कोसा लटकत होता. बाकीच्यांच्या कितीतरी आधी विणलेला, घाईघाईचा. मुंग्या त्याच्याभोवती फेर धरून होत्या. फुलवंता जवळ गेली तशी आतून आवाज आला.

टक. टक. टक.

असा कोसा दिसला की तोडून लगेच गरम पाण्यात टाकायचा, हे ऐनटोल्यातलं रांगतं पोरसुद्धा सांगेल. आतला किडा पाखरू होऊन भोक पाडून बाहेर आला की धागा तुटतो आणि कोसा वाया जातो. फुलवंतानं हात पुढं केला. आतून पुन्हा टकटक झाली. आत कुणीतरी जागं होतं. जागं असलेल्या कुणाला उकळत्या पाण्यात टाकायला तिचा हात धजेना.

तिनं हातानंच मुंग्या झटकायला सुरुवात केली. मुंग्या कडकडून चावल्या. मनगट लालबुंद झालं, तरी तिनं फांदी सोडली नाही. कोशाचं टोक ओलं झालं, मऊ झालं, आणि त्यातून एक चिमुकलं डोकं बाहेर आलं. मग दोन इवले इवले हात. मग चिंब भिजलेली, करंगळीएवढी एक मुलगी. तिच्या पाठीवर पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं काहीतरी चुरगळलेलं होतं.

"मला उलटं लटकायचंय," ती धापा टाकत म्हणाली. "लवकर! नाहीतर हे असेच वाळतील."

"कशाला लटकणार?"

"तुझं बोट चालेल."

फुलवंतानं बोट पुढं केलं आणि हात उंच धरला. ती चिमुकली बोटाला लोंबकळली. ऊन झाडाच्या एका फांदीवरून दुसरीवर गेलं, फुलवंताच्या खांद्यात कळा आल्या, पायावर मुंग्या चढल्या, पण तिनं हात हलवला नाही.

"तुला कंटाळा आला का?" वरून बारीक आवाज आला.

"नाही. गुदगुल्या होतायत."

"मग हसू नकोस. मी पडेन."

हळूहळू ते चुरगळलेलं उलगडत गेलं, आणि बघता बघता चार पंख झाले. ओल्या हळदीसारखे पिवळे, कडांना पहाटेचा गुलाबी, आणि प्रत्येक पंखात एक एक गोल खिडकी, काचेसारखी लख्ख. त्या खिडक्यांमधून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"तू परी आहेस?" फुलवंतानं विचारलं.

"मला काय माहीत? मी आत्ताच आले. तू सांग, परी कशी असते?"

"तिला पंख असतात. आणि ती इच्छा पुऱ्या करते."

तिनं मान वळवून आपले पंख नीट बघून घेतले. "मग असेन. तसं काहीतरी मला येतं खरं. तुझ्या हातावर सूज आलीय माझ्यापायी. माग, काय हवं ते. पण नेम आहेत हं. मी ऊन आहे तोवरच आहे. मला खाता येत नाही, पिता येत नाही; आत असताना जेवढा दिवस बांधून घेतला, तेवढाच माझ्याजवळ. इच्छा पुरी करायची तर मला त्यातलाच तोडून द्यावा लागतो. आणि जे गेलं ते मला परत आणता येत नाही."

फुलवंतानं तोंड उघडलं होतंच. "बाबाला..."

"तेच येत नाही."

"नुसतं एकदा. मी दात दाखवीन आणि लगेच परत पाठवीन."

"नाही गं."

"मग माझा निरोप तरी ने."

"तिकडे जाणारा धागाच नाही माझ्याजवळ."

"मग तुला येतं तरी काय?" फुलवंता ओरडली. कवडशातले हळदे भुर्रकन उडाले.

परीला राग आला नाही. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "गाठी सोडवता येतात. मी धाग्यातून आले ना."

फुलवंतानं बाबाची दोरी बाहेर काढली.

परीनं पहिल्या, सैल गाठीवर बोटं ठेवली. फूल उमलावं तशी गाठ उलगडली. बोलला तो आवाज परीचाच होता, चिमणीसारखा बारीक. पण बोलणं बाबाचं होतं.

"फुलाबाई, आज खारीनं तुझी मिरची पळवली. फडक्यातून उचलली आणि चढली वर. एक चावा घेतला, अन् मग काय शिंका! शेपटी अशी फुलवून साऱ्या फांद्यांवरून शिंकत पळाली. मी हसलो खूप. पण एकट्यानं हसायला कसंतरी वाटतं गं. तू असतीस तर पोट धरून लोळली असतीस."

फुलवंता हसली. हसताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ती दचकून गप्प झाली. परीच्या पंखांच्या कडांवरचा गुलाबी रंग पुसून गेला होता.

"दुसरी," फुलवंता म्हणाली.

"आजच्या चटणीत मीठ दोनदा पडलं होतं. तुझ्या मायचा हात असा घसरत नाही. म्हणजे चटणी तू वाटलीस. कळलं मला. सगळी खाल्ली. तीनदा पाणी प्यायलो, पण दगडावर फडकं चाटूनपुसून ठेवलं. हे तू मला सांगायला येशील तेव्हा मी मुद्दाम म्हणेन, हो का? मला वाटलं मायनंच केली."

फुलवंताच्या दोरीत ह्याच चटणीची एक गाठ होती. तिनं ती अंगठ्यानं दाबून धरली. परीचा पिवळा रंग हळदीवरून पिकल्या पानावर आला.

"आता ही टपोरी."

"फुला, हे कुणाला सांगू नको. सोमाला तर नकोच. तू दगडावर फडकं ठेवतेस, टाळ्या वाजवतेस आणि पाठ फिरवतेस. तेव्हा मी मोहाच्या झाडाआड उभा असतो. रोज. तू वळणावरून दिसेनाशी होईस्तो बघत राहतो. तुझी लाल रिबीन शेवटपर्यंत दिसते. काल तू वळणावर थांबलीस. मला वाटलं, आता बघते मागं. पण तू पायातला काटा काढलास आणि गेलीस. गुणाची पोर माझी. नेम मोडत नाही."

फुलवंता मटकन खाली बसली. पाचोळ्यात तोंड खुपसून ती रडली. बाबाला नेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"मग त्यानं हाक का नाही मारली?" तिनं विचारलं. "मी वळले असते. मी पळत आले असते."

"ते ह्या गाठीत नाही," परी म्हणाली.

दोन जुळ्या गाठी उरल्या होत्या, आणि टोकाची इवलीशी. परीनं जुळ्या गाठी सोडवल्या.

"ह्या तुझ्या मायच्या. तू निरोप्या. मैने, तू चहा टाकला होतास आणि मी तसाच निघालो. उशीर झाला, आल्यावर पिईन म्हणालो. कसला उशीर? रान कुठं पळून जात होतं? इथं येऊन बसल्यापासून रोज सकाळी मला तो चहा आठवतो. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. कोसे उतरू दे. आल्याबरोबर आधी चहा, मग बाकीचं सगळं जग."

परी आता फुलवंताच्या गुडघ्यावर बसली होती. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे झाले होते, पातळ, बिनरंगी. उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर होती.

"ही एक राहिली," फुलवंता म्हणाली.

परीनं टोकाची गाठ बोटांनी चाचपली. "ही फार घट्ट आहे. हिला उरलेलं सगळं लागेल."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. वाटलं होतं त्याहून थोडंच बांधून आणलंय मी. पण तू म्हणालीस तर सोडते. तेच तर येतं मला."

फुलवंतानं गाठ चिमटीत धरली. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. इतकी आवळून का मारली असेल बाबानं? सगळ्यात मोठी गोष्ट असेल. किंवा अगदी छोटी. एखादं गाणं, एखादी शपथ. आजवर त्यानं तिला कधीच न सांगितलेलं काहीतरी. एकदा ऐकलं की मग बाबाकडून नवं ऐकायचं काही उरणार नाही, हेही तिच्या मनात आलं. पण ते मनात आलं म्हणून ऐकायची ओढ कमी झाली नाही. तिला ते हवंच होतं. तहानेसारखं हवं होतं.

परी मान वर करून शेंड्यांवरच्या उन्हाकडे बघत होती.

"तू अजून उडलीस का?" फुलवंतानं विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"वेळ कुठं होता?"

फुलवंतानं दोरीची गुंडाळी केली आणि मुठीत घट्ट मिटली.

"मग उड," ती म्हणाली.

"आणि गाठ?"

"राहू दे." हे म्हणताना तिच्या छातीत असं काही दुखलं की तिला वाटलं, आता आपल्यालाही पान लागलं. पण तिनं मूठ उघडली नाही. "जा ना! ऊन संपेल."

परी उडाली. आधी तिरपी तिरपी, भिरभिरत, एका पानावर आपटून. मग सरळ. ती खोडांभोवती फिरली, कवडशांतून आरपार गेली, मोहाच्या शेंड्यावर बसली. ती जिथं जाईल तिथं फुलवंतानं मान वळवून वळवून बघितलं. पापणीसुद्धा मिटायला नको वाटत होतं.

"तिकडे एक चकाकतंय!" परी वरून ओरडली.

"तळं आहे ते. आमचं."

"आणि हे मऊ, पांढरं, हळू चालणारं?"

"ढग."

"आणि तो छोटा धूर?"

फुलवंतानं बघितलं. "ते ऐनटोला. लोकांनी चुली पेटवल्या असतील."

"किती आहे गं सगळं!" परी म्हणाली.

सूर्य झाडांच्या मागं टेकला. परी खाली आली आणि फुलवंताच्या सुजलेल्या मनगटावर बसली. तिचं वजनच लागत नव्हतं. "तुझं काहीतरी माझ्याकडे राहिलं," ती म्हणाली, "आणि तू ते मागितलं नाहीस." तिच्या पंखांमधल्या गोल खिडक्या उजळल्या. त्यांतून केशरी उजेड आला, मग पिवळा, मग इतका पांढराशुभ्र की फुलवंताला डोळे मिटावेसे वाटले, पण तिनं मिटले नाहीत. तो उजेड मनगटावरून निसटला, खोडांवरून सरसर वर चढला, फांद्याफांद्यांवर सांडला. मुंग्यांच्या रांगा खाली उतरून दिसेनाशा झाल्या. किड्यांनी माना वर केल्या आणि विणायला सुरुवात केली. सगळ्यांनी एकदमच. बघता बघता बाबाच्या रानात पानापानाआड मधाच्या रंगाचे कोसे लुकलुकू लागले, जणू कुणी इवल्या इवल्या पणत्या टांगल्या होत्या. गप्प पडलेल्या झाडांवरसुद्धा.

मग उजेड गेला. मनगटावर सूजही नव्हती, आणि परीही नव्हती.

वर्षभराचं घर आता चालणार होतं. मायला कुणापुढं हात पसरावा लागणार नव्हता. फुलवंता त्या झगमगत्या रानात उभी राहिली आणि तिला फक्त एवढंच वाटलं, की हे बाबानं बघायला हवं होतं.

घरी आली ती पाय न धुताच आत गेली. माय भिंतीशीच होती.

"माय, बाबा म्हणाला, आल्याबरोबर आधी चहा, मग बाकीचं सगळं जग."

मायनं कितीतरी दिवसांनी मान वर केली. "काय?"

"म्हणाला, उशीर कसला, रान काय पळून जात होतं? तुझं तोंड एवढंसं झालं होतं म्हणाला. रोज सकाळी त्याला तो चहा आठवायचा."

"तुला कोण म्हणालं हे?" मायचा आवाज चिरकला. "फुले, खरं सांग. कोण म्हणालं?"

फुलवंतानं दोरी पुढं केली आणि सगळं सांगितलं. कोसा, मुंग्या, परी, खार, चटणी, मोहाच्या आड उभं राहणं. काहीच उद्यासाठी ठेवलं नाही. मायनं परीवर विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. पण 'मैने' असं तिला जगात एकच माणूस म्हणत असे, आणि तेही कुणी ऐकत नसताना. ती ओक्साबोक्शी रडली. रडून झाल्यावर उठली, चूल पेटवली आणि चहा टाकला.

चहा पिताना मायनं दोरीचं टोक हातात घेतलं. "आणि ही?"

"ती राहिली."

"कशाची असेल?"

दोघींनी खूप विचार केला. कळलं नाही. मग फुलवंतानं आपली दोरी सोडायला घेतली, आणि पडलेल्या दाताची खिडकी मायला दाखवली. एवढ्या दिवसांत मायनं ती बघितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जाईआत्याला बरं नव्हतं, म्हणून सोमाकाकाची भाकर घेऊन फुलवंता निघाली. त्यानं किडे उशिरा चढवले होते. त्याच्या रानात अजून कुरकुर चालू होती. तिनं सपाट दगडावर फडकं ठेवलं. टाळ्या वाजवायला हात उचलले आणि खाली घेतले.

"काका!" ती सगळ्या जोरानं ओरडली. "ओ सोमाकाका! भाकर आणली!"

पाखरं फडफडून उठली. सोमाकाका तोंडावर बोट ठेवून झाडांतून धावतच आला. "अगं ए, भवाने! किडे पडतील ना माहे!"

दोघांनी वर बघितलं. पानांवरचे हिरवे किडे हलले नाहीत, पडले नाहीत. ते खात होते.

सोमाकाकानं तोंडावरचं बोट हळूच खाली घेतलं. मग तो दगडावर बसला.

"मी त्या दिवशी गावात आलो ना," तो म्हणाला. "वहिनींशी बोललो. रडलो. तसाच रडका परत आलो. तेव्हाही नव्हते पडले गं. मी कुणाला सांगितलं नाही."

फुलवंता त्याच्याशेजारी बसली. "भाकर खा," ती म्हणाली. "आत्याला ताप आहे, पण उतरेल. आमच्या शेळीनं भोपळ्याचा वेल खाल्ला. आणि काका, तुमच्या बनियनला मागून केवढं भोक पडलंय!"

तो हसला. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं तिच्या हातात दिला. त्याचं खाणं होईस्तोवर ती बोलत राहिली, आणि तोही बोलला. वर किडे खात होते.

बाबाला हाक मारायची राहून गेली होती.